फुलपाखरू गेले, बरोबरीचा पट्टा आला

व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधीच ठरलेले असतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच तिथल्या अजिंक्यपदाच्या पट्ट्याला वेगळे महत्त्व आहे. तो कोणाच्या कमरेला बांधायचा आणि कसा घडवायचा, हे दोन्ही कंपनीच ठरवते. अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूईने महिलांसाठी घडवलेले पट्टे ओळीने पाहिले, की तिने आपल्या महिला कुस्तीगिरांना केव्हा किती किंमत दिली, ते स्पष्ट दिसते.

ही परंपरा कंपनी १९५६पासून मोजते. त्या वर्षी बाल्टिमोरमध्ये फॅब्युलस मूला विजेती ठरली आणि पुढची २८ वर्षे हा किताब तिच्याच नावाशी जोडलेला राहिला. २३ जुलै १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वेंडी रिक्टरने तिला हरवले. हा सामना एमटीव्हीवरून दाखवला गेला आणि महिलांची कुस्ती घराघरांत पोहोचली.

हे तेज टिकले नाही. १९९५च्या डिसेंबरात विजेतेपद नावावर असतानाच अलुंड्रा ब्लेझला कंपनीने सोडले. ती डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत गेली आणि थेट प्रक्षेपणात तिने तो पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यानंतर १९९८पर्यंत किताब बंदच होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर चायना, लिटा, ट्रिश स्ट्रॅटस यांनी त्याची शान वाढवली. ६ डिसेंबर २००४ रोजी ट्रिश आणि लिटा यांचा सामना कंपनीच्या ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमाचा शेवटचा, म्हणजेच मानाचा सामना ठरला.

इतके कमावल्यानंतर कंपनी मागे वळली. २००८मध्ये ‘दिवाज’ नावाचा दुसरा किताब आला. त्याच्या पट्ट्यावर मधोमध मोठे फुलपाखरू होते, सोबत गुलाबी छटा आणि चमचमते खडे. पहिल्या लढतीत मिशेल मॅककूलने नताल्याला हरवून तो जिंकला. २०१०मध्ये दोन्ही किताब एकत्र झाले तेव्हा १९५६पासूनचा किताब निवृत्त झाला आणि फुलपाखरू उरले. अंग मोडून मेहनत करणाऱ्या मुलींच्या हाती दागिन्यासारखी वस्तू देणे हा त्यांच्या कसबाचा अपमानच होता.

बदलाची मागणी प्रेक्षकांनी केली. फेब्रुवारी २०१५मध्ये महिलांचा एक सामना जेमतेम अर्ध्या मिनिटात आटोपला आणि त्यांना संधी द्या, ही हाक समाजमाध्यमांवर घुमली. ३ एप्रिल २०१६ रोजी टेक्सासमध्ये ‘रेसलमेनिया ३२’ या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक सोहळ्याच्या दिवशी लिटाने नवा पट्टा समोर आणला. त्यावर पुरुषांच्या पट्ट्यासारखेच मोठे बोधचिन्ह होते. मागे लाल रंग आणि पांढरे चामडे, एवढाच फरक. त्याच रात्री शार्लटने तो जिंकला, महिला कुस्तीगिरांसाठी वापरला जाणारा ‘दिवा’ हा शब्द रद्द झाला आणि महिलाही पुरुषांप्रमाणे ‘सुपरस्टार’ म्हणवल्या जाऊ लागल्या. काही महिन्यांतच ‘स्मॅकडाऊन’ या कंपनीच्या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी निळ्या रंगाचा जोडपट्टा आला, बेकी लिंच त्याची पहिली मानकरी. २०१९च्या रेसलमेनियाचा शेवटचा सामना प्रथमच महिलांचा झाला आणि लाल व निळा, दोन्ही पट्टे बेकीने उचलले.

जून २०२३मध्ये या पट्ट्यांचे रूप पुन्हा बदलले. तेव्हाच्या दोन विजेत्यांपैकी असुकाला मिळालेला पट्टा पुरुषांच्या निर्विवाद अजिंक्यपदाच्या पट्ट्याच्या वळणाचा होता. रिया रिप्लीचा पुरुषांच्या वर्ल्ड हेवीवेट पट्ट्याच्या धर्तीवर घडवलेला. लाल आणि निळा गेले, सोनेरी आले. सप्टेंबरमध्ये रिया तो पट्टा घेऊन हैदराबादला आली आणि भारतीय प्रेक्षकांसमोर तिने तो राखला. समोर होती नताल्या, फुलपाखराच्या पहिल्याच लढतीत हरलेली. एकाच कुस्तीगिराच्या कारकिर्दीत पट्ट्याने इतके अंतर कापले.

हे अंतर कंपनीने आपणहून कापलेले नाही; आखाड्यातल्या महिलांनी आणि त्यांच्यासाठी आवाज उठवणाऱ्या प्रेक्षकांनी तिला ते कापायला लावले. पट्ट्याच्या घडणीत आलेली ही बरोबरी आता सामन्यांना मिळणाऱ्या वेळेतही कायम दिसली पाहिजे, आणि ती मागण्याचे काम प्रेक्षकांनी थांबवता कामा नये.