हत्तीवाल्यांचं घर



निवडणूक जवळ आली की पारावरची मंडळी घरं मोजायला बसतात. हे घर अमक्यांचं, ते तमक्यांचं. घरातल्या बाईला कुणी विचारत नाही, तिचं मत घरासोबतच धरून टाकतात. अमेरिकेतही अशीच घरं मोजतात. तिथला हिशेब एकदा चुकला, ती गोष्ट आज सांगते.

मध्यावधी निवडणूक म्हटलं की आपल्याला सरकार पडल्याचं आठवतं. तिथे तसं नसतं. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडतात, आणि मधे, दोन वर्षं झाली की, संसदेची ठरलेली निवडणूक येते. तिथल्या संसदेचं नावच काँग्रेस, आपल्या पक्षाशी त्याचा संबंध नाही. या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाच्या जागा घटणार, हे शेंबडं पोरही सांगेल. गेल्या शंभर वर्षांत खालच्या सभागृहात फक्त तीनदा उलटं झालं: १९३४, १९९८ आणि २००२ साली. गोष्ट १९३४ ची आहे.

तिथे मोठे पक्ष दोन. रिपब्लिकनांची खूण हत्ती, डेमोक्रॅटांची गाढव. गुलामगिरी संपवणारे लिंकन रिपब्लिकन होते. (आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या अशाच लोकांना अर्पण केलं.) दक्षिणेतले डेमोक्रॅट मात्र कृष्णवर्णीयांना मतदान करू देत नव्हते. त्यामुळे कृष्णवर्णीय घर म्हणजे हत्तीचं घर. आजोबांचं मत तेच नातवाचं. त्यात उपकाराची जाण होती.

शिकागोत आयडा बी. वेल्स नावाच्या बाई होत्या. जन्म १८६२ चा, गुलामगिरीतला. १९१३ मध्ये त्या राज्यात बायकांना काही निवडणुकांपुरता मताचा अधिकार मिळाला. त्याच वर्षी वेल्सबाईंनी कृष्णवर्णीय बायकांचा गट बांधला. गटातल्या बायका दारोदार जाऊन मतदार यादीत नावं घालायच्या. पुरुष टोमणे मारायचे, घरी जा, पोरं सांभाळा. आपल्या गटातल्या किती जणींनी हेच ऐकलंय! तरी त्या फिरल्या, आणि १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट हे शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले. पक्ष अर्थात हत्तीचा.

१९२८ मध्ये ते थेट काँग्रेसवर निवडून गेले. तेव्हा तिथे तेवढेच एक कृष्णवर्णीय. दुसऱ्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने त्यांच्या पत्नीला, जेसीबाईंना, चहाला बोलावलं, तर दक्षिणेत केवढा गदारोळ! एका चहावरून! पुढे काँग्रेसच्या उपाहारगृहात त्यांच्या कृष्णवर्णीय सचिवाला जेवण नाकारलं, तेव्हा डी प्रीस्ट भर सभागृहात भांडले. माणूस स्वाभिमानी होता.

पण १९२९ मध्ये मंदी आली. कामावरून आधी कृष्णवर्णीयांनाच काढलं. १९३२ साली डेमोक्रॅट रूझवेल्ट निवडून आले आणि त्यांनी सरकारी कामं, मदत सुरू केली. डी प्रीस्ट यांनी मात्र त्यातल्या बऱ्याच योजनांना विरोध केला. म्हणजे मान राखणारा माणूस हत्तीकडे, आणि चूल पेटवणारी मदत गाढवाकडे. बाईने काय करावं?

१९३४ मध्ये डी प्रीस्ट यांच्यासमोर आर्थर मिचेल उभे राहिले. तेही कृष्णवर्णीय, आणि पूर्वीचे रिपब्लिकनच. मिचेल जिंकले. काँग्रेसमधले ते पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट. सगळी घरं एका रात्रीत फिरली असं मात्र नाही. मिचेलना गोऱ्यांची बरीच मतं होती, आणि कृष्णवर्णीय वस्तीत खूप जण अजून जुन्याच खुणेवर होते. पण देशभर राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाच्या जागा घटायच्या त्या वाढल्या, दोन्ही सभागृहांत. १९३६ पर्यंत तर बहुतेक कृष्णवर्णीय मतं रूझवेल्टकडे गेली.

याला कुणी बेइमानी म्हणेल. मी म्हणणार नाही. जुन्या खुणेवर राहिलेल्यांनाही मी नावं ठेवणार नाही, डी प्रीस्टसारखा माणूस सोडणं सोपं नव्हतं. शिवाय नवं घरही निर्मळ नव्हतं. दक्षिणेतल्या आपल्याच खासदारांना दुखवायला नको म्हणून रूझवेल्ट यांनी जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धच्या कायद्यासाठी जोर लावला नाही. शिकागोतल्या बाईने कामासाठी ज्या पक्षाला मत दिलं, त्याच पक्षाचे लोक दक्षिणेत तिच्या बहिणीला मतदानाला उभं करत नव्हते. त्या बहिणीला खऱ्या अर्थाने मत देता आलं ते १९६५ च्या कायद्यानंतर.