पोलोग्राउंडहून पचमढीला
आमचं पोलोग्राउंड म्हणजे नाव खेळाचं, वस्ती कारखान्यांची. तिथून काका-काकू बदलीवर पचमढीला गेले, ते बारा महिने राहायलाच.

इंग्रजांच्या काळी ही मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी. पाऊस लागला की साहेबलोक खाली नागपूरला. काकूला ती सोय कुठली! पाऊस इंदूरच्या दुपटीच्या घरात. कुरडया-पापडांना बुरशी, कपडे शेगडीच्या धगीवर वाळवायचे. नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीला विदर्भातली मंडळी यायची, तेव्हा काय ते मराठी कानावर पडे.

रेल्वे गाठायची तर घाट उतरून पिपरिया, ५० किलोमीटर. म्हणून बाळंतपणाला काकू इंदूरला आली. परत निघताना आजी म्हणाली, “अगं, पावसाळा तरी उलटू दे.”

काकू थांबली नाही. काका तिकडे एकटे होते ना.