केपटाउन ते जोहान्सबर्ग : दोन तास की दोन दिवस?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, ‘सर, केपटाउनहून जोहान्सबर्ग किती लांब?’ सरळ उत्तर द्यायचं तर आकाशमार्गे सुमारे १२७० किलोमीटर, विमानाला दोन तास. मोटारीने चौदाशेच्या आसपास. पण ‘लांब’ म्हणजे कुणासाठी लांब, हे विचारल्याशिवाय आमचं समाधान होत नाही. तत्त्वज्ञान शिकवल्याचा दोष म्हणा!

तर आपण १९१२ सालात जाऊ. २२ ऑक्टोबरला गोपाळ कृष्ण गोखले केपटाउनच्या बंदरात उतरले. तिथून जोहान्सबर्ग आगगाडीने दोन दिवसांवर. हा लोहमार्ग मुळात हिऱ्यांसाठी किंबर्लीपर्यंत गेला होता, १८८५ साली. पुढे सोनं सापडलं म्हणून जोहान्सबर्गपर्यंत पोचला. माणसांची सोय हा नंतरचा विचार. आजचं विमान वाटेत फ्री स्टेटवरून जातं. त्या काळी त्या प्रांतात हिंदी माणसाला स्थायिक होऊन व्यापार वा शेती करायला कायद्यानेच बंदी होती. ट्रान्सवालमध्ये राहायचं तर नोंदणीचा दाखला हवा. म्हणजे बघा, नकाशावर अंतर एकच, पण गोऱ्याचं वेगळं आणि हिंदी माणसाचं वेगळं.

गोखल्यांना मात्र सरकारने खास सलून दिलं. क्लर्क्सडॉर्प, पॉचेफस्ट्रूम, क्रूगर्सडॉर्प, प्रत्येक ठिकाणी सभा. जोहान्सबर्गला स्टेशनवर कमान, आणि मानपत्र कोरलेलं सोन्याच्या पत्र्यावर.

आणि एवढ्या इतमामाने आलेल्या या पाहुण्याला खरा त्रास झाला तो दीड मैलाने. गांधीजींनी त्यांना टॉलस्टॉय फार्मवर नेलं. लॉली स्टेशनपासून फार्म दीड मैल, आणि गांधीजींनी गृहीत धरलं की गोखले चालतील. गोखल्यांना मधुमेह, त्यात नेमका पाऊस आणि वारा. सर्दी झाली, अंथरूण धरावं लागलं. बाकीचे सगळे जमिनीवर झोपतात हे कळल्यावर त्यांनी खाटही नाकारली. गांधीजींनी ही चूक स्वतःच लिहून ठेवली आहे. आम्हाला वाटतं, साधेपणाचा आग्रह दुसऱ्याच्या शरीरावर लादू नये. पण ते असो.

दुसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. तिथल्या कोकणी मुसलमानांना आणि महाराष्ट्रीय हिंदूंना गोखल्यांचं भाषण मराठीत ऐकायचं होतं. गांधीजी म्हणाले, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गोखल्यांनी हसून त्यांच्या मराठीची चौकशी केली, कारण गांधीजींना मराठी बोलता येत नव्हतं! तरी ते मराठीत बोलले, आणि अशा सभांत पुढे थेट झांझिबारपर्यंत मराठीतच.

प्रिटोरियात बोथा-स्मट्सना भेटून गोखले बाहेर आले ते गिरमिटियांवरचा तीन पौंडांचा कर जाणार, अशा समजुतीने. कर गेला नाही. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी चार्ल्सटाउनहून २०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं ट्रान्सवालच्या सीमेकडे निघाली, पायी. सीमा ओलांडणं हाच त्यांचा गुन्हा ठरणार होता. पुढल्या वर्षी, १९१४ मध्ये, तो कर रद्द झाला.