मनगटाचे गंभीर निखळणे : शस्त्रक्रियापद्धती

मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांतील चंद्रास्थीभोवतीचे अस्थिबंध तुटून हाडे जागा सोडतात, त्या दुखापतीला पेरिल्युनेट डिसलोकेशन म्हणतात. उंचावरून तळव्यावर पडणे आणि दुचाकीचा अपघात ही नेहमीची कारणे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांना हा धोका रोजचाच: डोक्यावर मोळी घेऊन शिडीने ट्रकवर चढताना पाय घसरला, की अंगाचा भार टेकलेल्या हातावर येतो.

मेफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८० साली या दुखापतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. चौथ्या पायरीत चंद्रास्थी तळव्याकडे उलटते, मीडियन नस दाबली जाते आणि बोटे बधिर होतात. बाजूने काढलेल्या एक्स-रेत ती कलंडलेल्या कपासारखी दिसते. फक्त समोरचा एक्स-रे काढला तर ही दुखापत सहज नजरेतून सुटते. हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या १६६ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे २५ टक्के दुखापती सुरुवातीला ओळखल्याच गेल्या नव्हत्या.

भूल देऊन हात ताणून हाडे बसवता येतात, पण नुसत्या प्लास्टरमध्ये ती पुन्हा सरकतात. म्हणून शस्त्रक्रिया लागते. हाताच्या पाठीकडून छेद घेतला, तर हाडांची रांग डोळ्यांसमोर येते, चंद्रास्थी व तिच्या शेजारची नौकास्थी यांच्यामधला अस्थिबंध शिवता येतो आणि मोडलेल्या नौकास्थीत स्क्रू बसवता येतो. तळव्याकडून गेल्यास नस मोकळी होते, उलटलेली चंद्रास्थी आत ढकलता येते आणि सांध्याचा पुढचा फाटलेला पडदा शिवता येतो. दोन्हीकडून गेल्यास सगळे साधते, मात्र सूज आणि आखडलेपणा वाढण्याची भीती असते. पाठीकडचा छेद हा पाया धरावा आणि नस दाबली असेल किंवा चंद्रास्थी तळव्याकडून बसवावी लागणार असेल, तेव्हा तळव्याकडचा जोडावा, हे धोरण सर्वांत पटते. हाडे के-वायर या धातूच्या बारीक तारांनी साधारण ८ ते १२ आठवडे धरून ठेवतात. दुर्बिणीने लहान छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत ऊतींना इजा कमी होते, पण त्यासाठी साधने आणि सराव हवा.

काही महिने उलटले, की हाडे जागेवर आणणे अवघड होते. मग चंद्रास्थीसह मनगटाच्या वरच्या, म्हणजे कोपराकडच्या, रांगेतली तीन हाडे काढतात किंवा मनगट कायमचे सांधतात. पहिल्या उपायात थोडीफार हालचाल उरते, दुसऱ्यात वेदना थांबते पण मनगट वाकत नाही. कोयता धरणाऱ्या हाताला हे फार महागात पडते, आणि हंगामात परजिल्ह्यात असलेला मजूर नेमका उशिराच दवाखान्यात पोहोचतो. बीड जिल्ह्यात असताना दुखापत झाली, तर दाखवायला अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पडल्यावर मनगट सुजले आणि बोटांना मुंग्या आल्या, तर चोळून घेऊ नये. त्याच दिवशी समोरून आणि बाजूने असे दोन्ही एक्स-रे काढून घ्यावेत.