ब्रॅडिलसाहेबांचा वाडा

१९३० सालचा सप्टेंबर. तुम्ही इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या साउथ हेटनचे खाणकामगार. आजारातून उठला आहात, पण अजून पाळीवर जाण्याइतकी ताकद आलेली नाही. अल्व्हर्स्टनला गाडीतून उतरता आणि मोरकॅम उपसागरावरचा खारा वारा अंगावर येतो. छाती भरून श्वास घेता. खोकला येतोच, बरोबरचे गडी हसतात, मग तेही खोकतात.

मग समोर येते कॉनिशेड प्रायरी, डरहॅमच्या खाणकामगारांचं आरामगृह. दोन उंच मनोरे, टोकदार कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या. सवयीने हात टोपीकडे जातो. राहू द्या टोपी डोक्यावर, हे घर आता तुमचंच आहे. १९२० च्या कायद्यानं खाणमालकांना काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी खाणकामगारांच्या कल्याण निधीत भरावी लागते, त्यातूनच हे घर घेतलं आहे. अरुंद थरात कुशीवर पडून कुदळ चालवताना तुमच्या डोक्यात ती पेनी कधी आली नसेल, पण इथं तुम्ही कुणाच्या दयेवर आलेले नाही.

आत ओक लाकडाच्या कोरीव फळ्यांनी मढवलेली एक अख्खी खोली आहे. त्या नक्षीवरून बोटं फिरवता. बोटांवर निळे व्रण, जखमा भरताना कातडीखाली राहून गेलेल्या कोळशाच्या भुकटीचे. साबणानं ते जात नाहीत.

हा डोलारा उभा केला कर्नल ब्रॅडिल यांनी. १८२१ मध्ये जुनी वास्तू पाडून काम काढलं, ते पंधराएक वर्षं चाललं. मध्येच साहेबांना कोळशाचा मोह पडला. १८३१ मध्ये साउथ हेटनला शाफ्ट खणायला घेतला तो त्यांच्याच कंपनीनं. होय, तुम्ही रोज पिंजऱ्यातून ज्यात उतरता, तोच. डरहॅमच्या कोळशात साहेबांचं दिवाळं निघालं आणि हा वाडा हातचा गेला. पुढे इथं जलोपचारांचं हॉटेल चाललं, श्रीमंतांसाठी. सरतेशेवटी त्याच कोळशाच्या पेनीनं तो डरहॅमच्या कामगारांकडे आला. कर्नलसाहेबांना हे बघायला मिळायला हवं होतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

दोन आठवडे खा, झोपा, किनाऱ्यावर फिरा. मात्र ओहोटी बघून फार आत जाऊ नका. इथलं पाणी मैलोगणती मागे सरतं आणि परततं तेव्हा माणसाला गाठतं.

मग युद्ध येईल, इथं लष्करी इस्पितळ होईल. पुन्हा खाणकामगार येतील. १९७२ मध्ये हे घर बंद पडेल, १९७६ मध्ये बौद्ध साधक ही पडीक वास्तू विकत घेतील. साउथ हेटनच्या खाणीतून मात्र १९८३ पर्यंत कोळसा निघत राहील.