हार मानण्याची खूण

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गात नवख्याला सुरुवातीलाच टॅप करायला शिकवतात. पेच बसला आणि सुटका दिसेना, की जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोन-तीनदा थोपटायचे. हात अडकले असतील तर पाय आपटायचा, नाहीतर तोंडाने ‘टॅप’ म्हणायचे. आणि समोरच्याने तत्क्षणी पकड सोडायची. हे सांगायला अर्धे मिनिट पुरते. टॅप नेमका कधी करायचा हे कळायला मात्र महिने जातात, आणि त्या काळात कोपर, खांदे, गुडघे दुखावतात. कारण बहुतेक नवखे टॅपला हार समजतात आणि ती शेवटच्या क्षणापर्यंत लांबवण्यात मर्दुमकी मानतात. या विद्येचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. सांधा मोडू शकणारे, शुद्ध घालवू शकणारे डाव रोज त्याच जोडीदाराबरोबर ताकदीने घोटता येतात, ते या खुणेच्या भरवशावर. ती काढून घेतली तर एकतर लुटुपुटीची कवायत उरेल, नाहीतर जायबंदी शिष्य.

खूण फार जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधल्या पँक्रेशन या लढतीत हरणारा तर्जनी वर करत असे. त्या काळच्या चित्रित भांड्यांवर असे उंचावलेले बोट दिसते. इ.स.पू. 564 च्या ऑलिंपिकमध्ये फिगालियाच्या अर्हिकिऑनचा गळा आवळला गेला होता. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो की त्याही अवस्थेत त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायाचे बोट मोडले. वेदनेने प्रतिस्पर्ध्याने हार मानली आणि त्याच क्षणी अर्हिकिऑनचा प्राण गेला. विजयाचा मुकुट मृतदेहाला चढवण्यात आला. पण ती चार वर्षांतून एकदा होणारी स्पर्धा होती. रोजच्या तालमीचे उत्तर वेगळे हवे, आणि ते पद्धतशीरपणे उभे केले जपानच्या जिगोरो कानो यांनी. 1882 मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात, 12 चटयांच्या जागेत, 9 शिष्यांसह त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ठरीव हालचालींची घोकंपट्टी त्यांना पुरेशी वाटली नाही. त्यांचा भर रांदोरीवर, म्हणजे समोरचा खरोखर विरोध करत असलेल्या मुक्त लढतीवर होता. आपल्याकडे मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, हरणाऱ्याला काही कबूल करावे लागत नाही. सांध्याच्या आणि गळ्याच्या पेचांत मात्र थांबायचे कुठे हे पेचात सापडलेल्यालाच ठाऊक असते. म्हणून तिथे थोपटणे किंवा ‘माइत्ता’ म्हणणे अपरिहार्य ठरले. त्यातही कानोंनी सगळा भार खुणेवर टाकला नाही. 1899 च्या नियमांत बोटे, मनगट, घोटा यांवरचे पेच वगळले गेले आणि पुढे फक्त कोपरावरचे उरले.

कोदोकानचे मित्सुयो माएदा 1904 मध्ये जपानबाहेर पडले, देशोदेशी लढले आणि 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले. तिथल्या बेलें शहरात कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले. कार्लोस आणि धाकटे भाऊ एलिओ यांनी ही विद्या रिओत वाढवली. माझ्या युक्तिवादाला खरा शह याच घराण्याच्या सर्वांत गाजलेल्या लढतीने दिला आहे. 23 ऑक्टोबर 1951 रोजी रिओच्या माराकाना मैदानात जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी एलिओंचा हात पाठीमागे पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज ऐकल्याचे किमुरांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले. एलिओंनी टॅप केला नाही. कोपऱ्यातून कार्लोसनी लढत थांबवली. तो पेच आज जगभर ‘किमुरा’ म्हणून ओळखला जातो आणि एलिओंची जिद्द आदराने सांगितली जाते. आदर रास्तच आहे. पण त्या गोष्टीत भावाचा हस्तक्षेपही आहे, आणि तोच विसरला जातो. हजारोंसमोर घराण्याची पत पणाला लावणारा माणूस आपल्या हाताची किंमत मोजू शकतो. संध्याकाळच्या सरावात तीच किंमत मोजणाऱ्याला बदल्यात काहीच मिळत नाही.

लवकर टॅप करणाऱ्याला सुटका कधी जमणार, असा आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. पकड बसण्याआधीच हात टेकणारा काहीच शिकत नाही, हे खरे. मात्र सुटकेची जागा पेच जुळत असतानाची असते: कोपर आत ओढायचे, हनुवटी खाली घ्यायची, कंबर वळवायची. हात सरळ ताणला गेल्यावर केलेली धडपड ही सुटका नसते. दुखू लागल्यावर टॅप करू, हा दुसरा युक्तिवाद तर शरीरशास्त्रालाच धरून नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या की फारसे न दुखताही साधारण 10 सेकंदांत शुद्ध हरपते. टाच पिरगळणाऱ्या हील हुकमध्ये जोर गुडघ्यावर येतो, आणि वेदना जाणवेपर्यंत अस्थिबंध फाटलेला असू शकतो. म्हणून नवख्याने वेदनेची वाट न पाहता स्थिती ओळखायला शिकले पाहिजे. हे ज्ञान आहे, आणि कोणत्याही डावाइतकेच सरावाने येते.

पंच आहेत, ते बघून घेतील, असेही म्हणता येत नाही. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरमध्ये झालेल्या यूएफसी या मिश्र लढतींच्या पहिल्या स्पर्धेत एलिओंचे पुत्र रॉयस यांनी केन शॅमरॉकचा गळा आवळला. शॅमरॉकने टॅप केला, रॉयसने सोडले. पंचांना मात्र ते दिसले नाही आणि त्यांनी लढत पुढे चालू करायला सांगितले. तेव्हा आपण टॅप केल्याचे खुद्द शॅमरॉकनेच मान्य केले. तालमीत तर पंचही नसतो, फक्त दोघे असतात. त्यातच कोदोकानने दूर ठेवलेले पायांचे पेच आता स्पर्धांत परतले आहेत. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाने 2021 पासून गी, म्हणजे जाड सुती पोशाख, न घालता होणाऱ्या स्पर्धांत हील हुकला परवानगी दिली, ती प्रौढ गटातल्या तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांपुरती. नवख्याच्या पांढऱ्या पट्ट्याला ती नाही. शिवाय त्याच संस्थेच्या नियमांनुसार, पेचात असताना वेदनेने नुसते ओरडणे हाही टॅपच धरला जातो.