मोटारीतलं संगीत आणि मोजके पैसे : एक छोटा इतिहास



आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतले काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आणि मोटारीतला स्टिरिओ! पण विषय आमच्या घरातूनच आला आहे. आमची गाडी जुनी आणि छोटी. पुण्याहून कोल्हापूरला जाताना आम्ही दोघं नाट्यसंगीत लावतो. सौ.ना अलीकडे थोडं कमी ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "सूर येतात हो, पण शब्द कळत नाहीत. आवाज वाढवा." आम्ही पेन्शनमधून बाजूला ठेवलेली रक्कम घेऊन एका दुकानात गेलो आणि मोठ्या पडद्याचा नवा प्लेअर बसवून आलो. पडदा झकास दिसत होता. शब्द मात्र तसेच, न कळणारे.

पैसे गेले, ते गेले. पण आपण नेमकं कुठं चुकलो, हे शोधायची आमची जुनी खोड. म्हणून मोटारीतल्या आवाजाचा इतिहास वाचायला घेतला. त्यातून जे हाती आलं ते एका वाक्याचं आहे : मोटारीत चांगला आवाज ज्यांनी आणला, त्यांनी आधी गोंगाट कमी केला, आवाज वाढवण्याचं नंतर पाहिलं.

सुरुवात १९३० सालची, अमेरिकेतली. शिकागोचे पॉल गॅल्विन यांचा छोटा कारखाना होता. १९२९ च्या मंदीनं तो अडचणीत आला. गॅल्विन यांनी मोटारीत बसणारा रेडिओ तयार करवला आणि अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं तिथं ती मोटार घेऊन गेले. आत स्टॉल घेतलेला नव्हता. मोटार बाहेर उभी केली, रेडिओ लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला. मोटार या शब्दावरून त्यांनी त्या रेडिओला नाव दिलं, मोटोरोला. किंमत शंभर डॉलरच्या वर. तेव्हा फोर्डची साधी नवी मोटार पाचशे डॉलरच्या आसपास मिळे. म्हणजे हा शौक पहिल्यापासून महागच.

आता यात अवघड काय होतं? रेडिओ तर घरोघरी होते. अवघड होती ती मोटार. स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते, तेव्हा ती स्वतःच एक छोटं रेडिओ केंद्र असते. इंजिन सुरू झालं की गाण्याऐवजी कडकड ऐकू येई. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या तरुणांनी हा उपद्रव कुठून येतो ते शोधलं आणि एकेक जागा शांत केली. खरा शोध तो होता.

याच्या उलटं उदाहरणही आहे. १९५६ च्या मोटारींसाठी क्रायसलर कंपनीनं चक्क तबकडी वाजवणारं यंत्र दिलं, 'हायवे हाय-फाय' नावाचं. सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क यांची ती कल्पना. तबकडी मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेरे घेई. रस्त्याच्या हादऱ्यानं सुई उडू नये म्हणून ती जास्त भार देऊन दाबलेली असे. हादरा होता तसाच राहिला, वर यंत्र चढवलं. काही वर्षांत ते यंत्र बाजारातून गेलं.

मग १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली. मोटारीला अगदी सोयीची, पण तिच्यात सतत 'स्स्स' असा आवाज. टेपवरचा हा फुसफुसाट कमी करणारे गृहस्थ म्हणजे रे डॉल्बी. ते १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्या भारतात होते. इथून जाऊन त्यांनी लंडनला प्रयोगशाळा काढली आणि १९६८ मध्ये घरगुती टेपसाठीची पद्धत दिली. पुन्हा पाहा, गाण्यात नवं काही घातलं नाही. गाण्यावर बसलेलं काही काढलं.

चौथं नाव अमर बोस यांचं. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. १९८३ च्या मॉडेलच्या काही जनरल मोटर्स गाड्यांसाठी त्यांच्या कंपनीनं जी रचना केली, ती त्या-त्या गाडीच्या आतल्या जागेचा अभ्यास करून. काच कुठं, गादी कुठं, माणूस कुठं बसतो, हे आधी; स्पीकर मागाहून.

वेदान्ताचे विद्यार्थी इथं मान हलवतील. ज्ञान नवं काही निर्माण करत नाही, आवरण तेवढं दूर करतं, असं आम्ही वर्गात चाळीस वर्षं सांगत आलो. आणि दुकानात गेल्यावर पडदा विकत घेतला!

आता थोडा हिशेब, शाळेतलाच. प्लेअरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात 'पन्नास वॅट गुणिले चार' असं लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, आणि मोटारीचा स्पीकर बहुधा चार ओहमचा. व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय नसेल, तर यातून स्वच्छ असे जास्तीत जास्त पंचवीस-सव्वीस वॅट निघतात. प्रत्यक्षात वीसच्या आत-बाहेर. खोक्यावरचा आकडा क्षणभराचा असतो. आपण पाहायचा तो सलग मिळणारा, 'आरएमएस' लिहिलेला.

दुसरं, वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दसपट लागतात. म्हणजे ८८ डेसिबलऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट केल्याचं काम फुकटात होतं. आणि रस्त्याचा गोंगाट तीन डेसिबलनं उतरवला, तर शब्द ऐकू येण्याच्या दृष्टीनं जवळपास तेच साधतं, तेही कानाला त्रास न देता.

हे आम्हांला हातानं दाखवलं ते बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीजवळच्या एका तरुण कारागिरानं. गाणं चालू असताना त्यानं दारावर तळहात दाबून धरला. खडखड थांबली, आवाज भरीव झाला. "सर, दार हीच स्पीकरची पेटी आहे," तो म्हणाला. खरंच आहे. दाराच्या पत्र्याला भोकं असली की स्पीकरच्या मागची लाट पुढच्या लाटेला मारते आणि खर्ज नाहीसा होतो. पत्रा थरथरला की शब्द गढूळ होतात.

तेव्हा मोजके पैसे असणाऱ्यांनी क्रम असा धरावा. शंभर रुपये आहेत असं समजा. पहिले वीस-पंचवीस पुढच्या दारांवर : आतून ब्यूटाइलची शीट, भोकं बंद, स्पीकरखाली घट्ट रिंग. पुढचे चाळीसेक फक्त पुढच्या दोन स्पीकरना. मागचे राहू द्या. गायक पाठीमागं बसत नाही. उरलेल्यात छोटा अ‍ॅम्प्लिफायर, त्याची वायर जाड आणि फ्यूज बॅटरीजवळ, यात काटकसर नको. सब-वूफर पुढच्या वर्षी. जुना प्लेअर नीट वाजत असेल, तर तो सगळ्यात शेवटी बदलायचा. आम्ही नेमका तिथून आरंभ केला होता.

आणि खरेदीआधी एक परीक्षा करा. ओळखीचं एक गाणं इंजिन बंद ठेवून ऐका. मग तेच गाणं, आवाज तेवढाच ठेवून, ताशी साठच्या वेगानं. मध्ये जे हरवलं, ते स्पीकरनं नाही, गोंगाटानं नेलं. टायरची हवा, दाराचं रबर, डॅशबोर्डची सैल पट्टी, हे आधी पाहा. त्याला फार पैसे लागत नाहीत.

आमच्या गाडीचं सांगून थांबतो. दोन्ही दारं झाली, पुढचे स्पीकर झाले. अ‍ॅम्प्लिफायर अजून घेतलेला नाही. पूर्वी आवाज चोवीसवर न्यावा लागे. गेल्या खेपेला कराडच्या पुढं सौ. म्हणाल्या, "जरा कमी करा, कळतंय सगळं." आम्ही सतरावर आणला.

आता प्रश्न असतील तर घेऊ.